बंद गाडीतली खीर

लालमती गावची कुसुमावती लग्न होऊन बों अक्योयला आली. एका उसाच्या गावातून दुसऱ्या उसाच्या गावात, एका चुलीवरून दुसऱ्या चुलीवर. वरून सासू चंद्रावती. तिच्या नजरेतून मीठसुद्धा सुटत नसे.

बासष्ट साली नवरा सत्यदेवनं भाजी वाहायला एक जुनी व्हॅन घेतली. मागचा भाग पत्र्याचा, बंद. दाराची कडी बाहेरून. कार्तिकी पौर्णिमेच्या समुद्रस्नानाला सगळे त्याच गाडीतून माएबूर्गजवळच्या किनाऱ्यावर मुक्कामाला गेले.

सकाळी स्नान झालं. नैवेद्याची खीर करायची होती. बाहेर वारा शेगडीवर वाळू उडवत होता आणि शेजारचं कुटुंब मासे तळत होतं. चंद्रावतीनं नाक दाबलं.

"शेगडी गाडीत घे गं. खिरीला तो वास लागला तर देव तोंड फिरवील."

"आत्याबाई, दार लावलं तर धूर कोंडेल."

"लाल झालेल्या कोळशाला कुठला आलाय धूर? आणि नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडातून शब्द नको. थुंकी उडते."

सत्यदेवचा मित्र इंद्रजीत हसला. "वहिनी, चूल आता चाकांवर आली. सासरहून पळायची सोय झाली!"

सगळे हसले. सत्यदेवनं दार लावलं, वाऱ्यानं उघडू नये म्हणून कडी घातली.

आत धूर नव्हताच. शेगडी लाल, शांत, एखाद्या सज्जन माणसासारखी. कुसुमावती दूध ढवळत बसली. थोड्या वेळानं कपाळात कुणी खिळा ठोकावा तसं दुखू लागलं. उपास आहे, म्हणून असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. दाराकडे जावं म्हणून उठली, तर तोल जाऊन पत्र्यावर आदळली. शुद्ध गेली तर आपण इथंच संपणार, हे तिला लख्ख कळलं. तिनं पळीनं पत्र्यावर ठोकलं.

बाहेर चंद्रावती म्हणाली, "ऐका, खीर घोटतेय. हात चांगला आहे हो पोरीचा."

कुसुमावतीनं पुन्हा ठोकलं. पळी हातातून गळाली. ओरडायचं तर नैवेद्य बाटतो. तो बाटलाच तर बाटो. पण हाक कुणाला मारायची? आत्याबाई आधी गप्प बसवतील. 'अहो' म्हणून किनाऱ्यावर कोण वळणार? प्रत्येक बाई कुणा ना कुणाला अहोच म्हणत होती.

"सत्यदेव! दार उघड, सत्यदेव!"

लग्नानंतर तिनं ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. किनाऱ्यावरच्या माना वळल्या. सत्यदेव धावला तो तिच्या काळजीनं की लाजेनं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. दार उघडलं आणि ती वाळूत कोसळली, ओकली, मग तोंड उघडं टाकून वारा पीत राहिली.

"आयो मामा, अगं आई गं! चार लोकांत नवऱ्याचं नाव घेतलं," चंद्रावती म्हणाली. "तेही अरेतुरे!"

ती गोष्ट बों अक्योयभर फिरली. कुसुमावतीनं नवऱ्याचं नाव घेतलं. कोळशाचं कुणी काही बोललं नाही. विहिरीवर बायका तिला मुद्दाम विचारत, "काय गं, घागर उचलायला कोणाला हाक मारू?" ती घागर उचलून चालू लागे. जायचं तरी कुठं? त्याच घरी.

पुढच्या कार्तिकात सत्यदेवनं शेगडी पुन्हा गाडीत ठेवली. कुसुमावतीनं ती उचलून बाहेर आणली, गाडीच्या आडोशाला वाळूत टेकवली.

"आणि माशांचा वास?" चंद्रावतीनं विचारलं.

"लागू दे," ती म्हणाली, आणि मग नियमाप्रमाणे तोंड मिटून दूध ढवळू लागली.