शेपटीवरचा पोपट

माझ्या पोटच्या मुलालाही जे ठाऊक नाही ते मी आज तुम्हाला सांगायला बसले आहे. आजच का? कारण मला राग आलाय. इथल्या मराठी मंडळाचा अंक काढते ती मुलगी, गोड आहे, तिचा काही दोष नाही, तिने सकाळी फोन केला. म्हणाली, "काकू, काकांचं विसरणं तुम्ही किती प्रेमाने सांभाळलंत! त्यावर एक लेख द्या ना. लोकांना इन्स्पिरेशन मिळेल."

मी "बघते हं" म्हणून फोन ठेवला आणि समोरची कोथिंबीर अशी चिरली की तिची चटणी झाली.

सांभाळलं म्हणे! डोंबल सांभाळलं.

थांबा, नीट सांगते. माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं जे काही आलं ते बघून-बघून. आमचे हे नाशिकजवळच्या विमानांच्या कारखान्यात फिटर होते. जन्मभर दुसऱ्याची विमानं उघडून पुन्हा मिटली. निवृत्त झाल्यावर आम्ही इथे अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला, सचिनकडे आलो. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात. बाहेर बर्फ. घरात माणूस करणार काय? तर यांनी बेसमेंटमध्ये टेबल मांडलं आणि प्लॅस्टिकची छोटी विमानं जोडायला घेतली. छंद नव्हे, कारखानाच. आणि विमानं कुणाची, तर हॉलंडच्या हवाई दलाची!

मी विचारलं, "हॉलंडच का हो? आपलं कोण आहे तिथे?"

"छोटं आहे, हातून पुरं होईल," म्हणाले. "अमेरिकेचं घेतलं तर सात जन्म पुरायचे नाहीत."

भिंतीवर त्यांनी एक मोठा तक्ता लावला होता. वर हवाई दलाचा मुख्य, त्याखाली तळ, तळांखाली स्क्वाड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या. लढाऊ विमानं एकीकडे, हेलिकॉप्टरांचा संसार वेगळा, मालवाहू हर्क्युलिस आणखी तिसरीकडे. जुनी एफ-१६ सेवेतून काढायला घेतलेली, काही परदेशांना विकलेली, त्यांच्या जागी नवी एफ-३५ येत होती. एकेक नमुना जोडून झाला की हे तक्त्यावरच्या त्या चौकोनात हिरवी टिकली लावायचे. मी शेजारी विणत बसायचे. रंगांच्या बाटल्यांवरची नावं वाचून माझं इंग्रजी सुधारलं, खोटं नाही सांगत. आणि बघून-बघून हातही शिकला. विमानाच्या शेपटीवर तुकडीचं चिन्ह असतं ना, ते चित्र कागदावर येतं. कोमट पाण्यात भिजवायचं, ब्रशने हलकेच सरकवायचं, वरून वॉर्निशचा हात. चिन्ह केवढं? मसुरीच्या डाळीएवढं. एका तुकडीची धनुष्य ताणलेली बाई, दुसरीचा पोपट. ते काम हे मला कधी करू द्यायचे नाहीत. ब्रश तेवढे धुवायला द्यायचे.

आता मुद्द्यावर येते. येतेच आहे.

आमच्या गावाजवळ एका शाळेच्या हॉलमध्ये असे नमुने करणाऱ्यांचं प्रदर्शन भरतं, त्यात स्पर्धाही असते. यांनी त्यासाठी एक एफ-१६ केलं, चार महिने खपून. शेपटीवर धनुष्यवाली बाई. आणि मी, शहाणी, टॅबलेटवर वाचत होते, तर त्यात आलं की ती धनुष्यवाली तुकडी बंद केली आणि तिची माणसं-विमानं पोपटवाल्या तुकडीत गेली. मी सांगायला गेले. सून मुग्धा तिथेच उभी होती, तिच्यासमोर हे म्हणाले, "अगं, तू ब्रश धू. तुला काय कळतंय त्यातलं?"

बस. एवढंच. आयुष्यभर ऐकलेलं वाक्य. गॅसचा रेग्युलेटर असो, बँकेचा फॉर्म असो, मुलाची शाळा असो, तुला काय कळतंय! मग त्याच दिवशी ते मला इतकं का झोंबलं? खरंच, का?

दुसऱ्या दिवशी सकाळी हे केस कापायला गेले. मी खाली गेले. विमान डब्यात भरून ठेवलेलं होतं. ते काढलं. चिकटपट्टी लावून ती धनुष्यवाली बाई अलगद उचलली, चित्रांच्या कागदावर उरलेला पोपट भिजवला, सरकवला, वॉर्निशचा हात दिला. हात जरासुद्धा हलला नाही माझा. सांगायला लाज वाटते, पण काम इतकं सुबक झालं होतं की मी दोन मिनिटं बघत उभी राहिले. वाटलं, मिळू दे बक्षीस, मग सांगेन, पोपट कुणी लावला ते.

मदत करायची होती का मला? नाही. मला जिंकायचं होतं.

प्रदर्शनात हे लांबचा चष्मा लावून, नवा स्वेटर घालून उभे. परीक्षक एक म्हातारा अमेरिकन, वागायला फार सभ्य. ते लोक छोटी बॅटरी घेऊन एकेक विमान तपासतात, विमानाला बोट म्हणून लावत नाहीत. तो शेपटीपाशी थांबला. आधी कौतुक केलं आणि मग हळूच म्हणाला, "सर, या नंबरचं विमान त्या तुकड्या एकत्र व्हायच्या आधीच परदेशात विकलं होतं. विकेपर्यंत त्यावर धनुष्यवालीच होती. पोपट त्याच्यावर कधी बसलाच नाही."

यांनी खिशातून भिंग काढलं. वाकून पाहिलं. किती वेळ पाहत होते!

मी हातभर अंतरावर उभी होते. "मी केलं" — दोन शब्द. मराठीत म्हटले असते तरी सचिनने सांगितलं असतं त्या माणसाला. मी काय केलं? पर्सची चेन लावली. उघडली. परत लावली.

हे सरळ झाले आणि म्हणाले, "माय मिस्टेक." आवाज अगदी लहान. मग माझ्याकडे वळून मराठीत, "अगं, मी कधी लावला हा? मला आठवतच नाही."

आता ऐका, माझ्या रागाचं मूळ इथे आहे. त्यांना माझा संशय आला नाही! त्या घरात त्या टेबलाशी बसणारी दोनच माणसं, एक हे आणि एक मी. तरी त्यांच्या मनात मी आलेच नाही. कारण इतकं बारीक काम मला जमेल हेच त्यांना खरं वाटलं नसतं. स्वतःचं डोकं बिघडलं हे त्यांना पटलं, पण बायकोला पोपट लावता येतो हे सुचलंसुद्धा नाही. संताप झाला माझा. आणि त्या संतापात मी गप्प राहिले. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, पुढच्या आठवड्यात.

गाडीत सचिन म्हणाला, "बाबा, इट्स ओके." पण आरशातून त्याने मुग्धाकडे पाहिलं ते मला दिसलं. मग डॉक्टर. कागदावर घड्याळाचं चित्र काढून दाखवा, शंभरातून सात वजा करत जा. घाबरलेला माणूस कुठली वजाबाकी करणार? डॉक्टरांनी विचारलं, काही चुका होतात का हल्ली? सचिनने पोपटाची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो, हो म्हणून हलवली! त्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की वयाच्या मानाने फार काही नाही. पण यांनी डॉक्टरांपेक्षा त्या पोपटावर विश्वास ठेवला.

गाडीची किल्ली यांनी आपणहून सचिनच्या हातात दिली. तक्ता उतरवला. अर्ध्याहून जास्त चौकोन तसेच कोरे होते. विमानं खोक्यात भरून दान केली. मी म्हटलं, "अहो, राहू द्या ना." तर म्हणाले, "चुकीचं करण्यापेक्षा न केलेलं बरं."

आणि मग सुरू झालं, "अगं, गोळी घेतली ना मी?" "अगं, आज बुधवार ना?" "अगं, मी दार लावलं का?" लावलेलं असायचं. दर वेळी लावलेलं असायचं! दिवसातून वीसदा ते माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मी सांगेन ते खरं मानायचे.

मला ते आवडायचं.

हे लिहायलाच इतका वेळ लागला बघा. भीती होती, लाज होती, ते सगळं होतंच. पण मला ते आवडायचं. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाला वाटत होतं की मला कळतं. मी खरं सांगितलं असतं तर हे पुन्हा ताठ झाले असते, आणि मी पुन्हा ब्रश धुवायला गेले असते. म्हणून नाही सांगितलं. चार वर्षं! चार वर्षं एक शाबूत डोक्याचा माणूस स्वतःला वेडगळ समजून खिडकीपाशी बसून राहिला आणि मी त्याला चहा नेऊन देत होते, साखर घातली आहे हो, म्हणत.

गेल्या हिवाळ्यात त्यांचं हृदय थकलं. दवाखान्यात शेवटच्या दिवशी चांगले शुद्धीवर होते. सचिन, मुग्धा, दोघंही पलंगाजवळ होती. यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत चारचौघांत कधी धरला नव्हता. सचिनला म्हणाले, "माझं डोकं गेलं तेव्हा हिने मला स्वतःचं दिलं. हिचे उपकार विसरू नकोस."

मुग्धा रडायला लागली. सचिन माझ्या पाया पडला.

मी त्याला पाया पडू दिलं.