तिसऱ्या नंबरवर ढकललेला कोर्स

लेकीचा बारावीचा निकाल लागला तेव्हा खरं तर मी पेढे मागवायला हवे होते. पण मी आधी मागच्या वर्षीचे कटऑफ उघडून बसले. इथे ऑस्ट्रेलियात निकालात टक्के देत नाहीत, सगळ्या मुलांमध्ये तुम्ही कुठे बसता ते सांगणारा एक आकडा देतात. तिचा आकडा पॅरामेडिसिनच्या मागच्या वर्षीच्या कटऑफपेक्षा नखभर वर होता. पॅरामेडिसिन म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करण्याचं शिक्षण. तिला तेच हवं होतं, आणि वर्ष होतं कोविडचं.

सरकारी युनिव्हर्सिट्यांचा फॉर्म इथे एकच असतो. त्यात आठ कोर्स भरायचे, एक ते आठ क्रमाने. निकालानंतर तो क्रम बदलायला थोडे दिवस मिळतात. त्या दिवसांसाठी मी आधीच एक एक्सेल शीट करून ठेवली होती. नक्की मिळणारे कोर्स, म्हणजे आयटी वगैरे, हिरवे, जेमतेम मिळतील ते पिवळे, अवघड ते लाल. पुण्यात तेव्हा कोरोनामुळे माझ्या भावाच्या वॉर्डाला लाल रंग दिला होता, इथे वेरिबीत, आमच्या उपनगरात, मी कोर्सेसना देत होते. नवरा म्हणाला, "अगं, तिचा फॉर्म आहे, तुझं प्रोजेक्ट नाही." मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. तो काही माझ्या अ‍ॅडमिशनच्या वेळी तिथे नव्हता.

माझी अ‍ॅडमिशन पुण्यात झाली, फळ्यासमोर. इंजिनिअरिंगच्या उरलेल्या जागा फळ्यावर लिहिलेल्या असायच्या. नंबर पुकारला की पुढे जायचं आणि तिथल्या तिथे काय ते सांगायचं. माझे वडील इलेक्ट्रॉनिक्ससाठी अडून बसले. पुढच्या फेरीत मिळेल म्हणाले, आणि पुण्यातलीच कॉम्प्युटरची जागा सोडून दिली. पुढच्या फेरीत दोन्ही गेल्या. मग चार वर्षं परगावच्या हॉस्टेलवर, न आवडणारी शाखा शिकत काढली. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच नियम पक्का बसला होता, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि मी तर लेकीचं ताकसुद्धा फुंकत होते.

"यंदा सगळ्यांना हेल्थचंच काहीतरी हवंय," मी तिला सांगितलं. "कटऑफ वर जाणार. पहिला नंबर त्याच्यावर घालवशील आणि हातचं आयटीही जाईल. आयटी पहिलं टाक. पॅरामेडिसिन राहू दे तिसरं."

दोन दिवस आमची भांडणं झाली. वर्षभर बेडरूममध्ये बसून ऑनलाइन शिकलेली ती पोर थकलेली होती. शेवटी म्हणाली, "फाइन, आई. व्हॉटेव्हर. तुला माहितीये ना सगळं." आणि तिने माझ्यासमोर क्रम बदलला. त्या रात्री मला किती महिन्यांनी शांत झोप लागली.

शेवटच्या दिवशी ती सुपरमार्केटमध्ये शिफ्टला गेली. फॉर्म दुपारी चारला बंद होणार होता, तिची शिफ्ट पाचला सुटणार होती. शाळेने त्या दिवसांपुरती फोनवर सल्ला द्यायला एक बाई नेमली होती. मी तिला दीडच्या सुमाराला फोन लावला, खरं म्हणजे शाबासकी घ्यायला. आयटी पहिलं टाकलंय, आता ते नक्की ना?

"नक्कीच," ती म्हणाली. "पण तिला सगळ्यांत जास्त आयटीच हवंय का?"

मी नाही म्हणाले, आणि तिने शांतपणे समजावलं. ज्या क्रमाने हवं त्याच क्रमाने लिहायचं. वरचं नाही मिळालं तर आपोआप खालचं बघतात, अवघड वर टाकल्याने सोपं हातचं जात नाही. पण सोपं वर टाकलं आणि ते मिळालं, तर त्याच्या खालचं कोणी बघतच नाही.

मी फोन ठेवला. पुण्याचा फळा मी ऑस्ट्रेलियाच्या फॉर्मवर आणून लावला होता. लॅपटॉप समोर होता, पासवर्डही मला ठाऊक होता. दोन मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. उठून चहा टाकला.

कारण मला इथल्या हिवाळ्यातली, ऑगस्टमधली ती सकाळ आठवली. लॉकडाऊनमध्ये बाहेर पडायला मिळणाऱ्या तासाभराच्या परवानगीत आम्ही मायलेकी चालायला निघालो होतो. कोपऱ्यावरच्या वृद्धाश्रमासमोर दोन अ‍ॅम्ब्युलन्स उभ्या होत्या. एक बाई रस्त्याच्या कडेला अंगातला प्लास्टिकचा झगा उतरवत होती. तिच्या नाकावर मास्कचे लाल वळ उठले होते. मग ती तिथेच जमिनीवर बसली. माझी लेक तिच्याकडे बघत उभी राहिली, आणि मी तिचा दंड धरून तिला ओढत घरी आणलं. मन चिंती ते वैरी न चिंती. त्या झग्यात मला माझीच मुलगी दिसली होती.

आता मी काहीच केलं नाही तर ती सुरक्षित राहणार होती. कोणाला कधी कळणारही नव्हतं. चहा निवला. मला स्वतःचीच भीती वाटली, आणि मी गाडीची किल्ली उचलली.

सुपरमार्केटमध्ये मास्क लावून, दीड मीटर अंतर राखून, हातात ब्रेड घेऊन मी तिच्या काउंटरच्या रांगेत उभी राहिले. मला बघताच तिचा चेहरा उतरला. "आई? इज बाबा ओके?"

"बाबा बरा आहे. तुझा फॉर्म चुकलाय. मी चुकवलाय."

तिने दहा मिनिटांचा ब्रेक मागून घेतला. बाहेर पार्किंगमध्ये, कडक उन्हात, मी तिला सगळं सांगितलं. तिने फोनवर क्रम बदलला, पॅरामेडिसिन पहिलं. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. मग फोन खिशात टाकून तिने विचारलं, "व्हेन डिड यू फाइंड आउट?"

"दीडला."

ती घड्याळाकडे बघत राहिली. गाडीने घरून इथे यायला सात मिनिटं लागतात, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

"तू सांगणार नव्हतीस," ती म्हणाली. चक्क मराठीत.

"नव्हते."

तिने मास्क वर ओढला आणि शिफ्टला परत गेली.

पुढे ऑफर आली, पॅरामेडिसिनचीच. नवऱ्याने पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. मी हमसून रडत होते, आणि आनंदाने रडतेय, असं भावाला सांगत होते. लेक शेजारी येऊन बसली. तिने माझा हात घट्ट धरला आणि मामाला म्हणाली, "हो, आई खूप हॅपी आहे."