नाटिकेचं फळ

पोथी वाचायची एक चाल असते. ओवी तीन चरण चढत जाते आणि चौथ्याला खाली बसते. मला दुसरी कुठली चाल येतच नव्हती. त्यामुळे जन्मातली पहिली एकांकिका मी मोठ्यानं वाचली ती पोथीच्या चालीवर, मासिक पाटावर ठेवून, आधी नमस्कार करून. पात्राचं नाव, मग कंसातली सूचना, मग त्याचं बोलणं, सगळं एका सुरात. ‘बहीण, पदर सावरीत, दाराकडे बघून’ एवढंही मी गाऊन दाखवलं.

माझी शाळा मराठी तिसरीपर्यंतची. आईच्या आजारपणात सुटली ती सुटलीच, आणि पंधराव्या वर्षी मला साताऱ्याकडून मोगलाईत दिली. निजामाच्या मुलुखाला आमच्याकडं मोगलाई म्हणत, आणि ‘मोगलाईत दिली’ म्हणताना बायका आवाज खाली करत. मनमाडला गाडी बदलली, पुढं स्टेशनांच्या पाट्यांवर उर्दू अक्षरं दिसायला लागली, तेव्हा वाटलं, होती नव्हती ती तिसरीही आता गेली. जालन्यात माझे यजमान मुन्सफ कोर्टात कारकून होते. दिवसभर उर्दूत लिहायचे आणि घरी येऊन मराठी मासिकं वाचायचे. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. मला सगळ्याचीच धास्ती असायची. भाकरी चिरेल का, माझं बोलणं यांना कळेल का, जास्तच बोलले तर काय. सासूबाई साधं “काय करून राह्यलीस” म्हणाल्या तरी मी आधी घाबरायची आणि मग अर्थ लावायची.

चातुर्मासात दुपारी आमच्या पुढच्या खोलीत पोथी असे. शेजारच्या वकीलीणबाई वाचायच्या. बोळाच्या टोकाला मंठ्याकडच्या एक पाटलीणबाई राहत, मुलाच्या शाळेसाठी शेत दिरावर सोपवून शहरात बिऱ्हाड केलेल्या. त्या यायच्या. सासूबाईंचा लक्ष वातींचा नेम होता, म्हणून सगळ्याच मांडीवर कापूस घेऊन वाती वळत ऐकायच्या. मी लग्न होऊन आले त्या साली वकीलीणबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि वाचायचं माझ्यावर आलं. जोडाक्षराला अडखळले की तिघी मिळून ती ओवी पुरी करून टाकायच्या, कारण त्यांना ती पाठच असायची. माझं तिसरीपण झाकलं जायचं. दिवसातला तो एक तास कुणीतरी माझ्या तोंडाकडं बघत असे. बाकी दिवसभर मी लोकांच्या हाताकडं बघायची.

त्याच साली भाऊबीजेला माझा भाऊ आला. रात्रंदिवस प्रवास करून आला आणि एक दुपार थांबून गेला. पाहुण्याला एकटं टाकणं म्हणजे त्याचा अपमान, या समजुतीनं सासूबाई शेवटपर्यंत त्याच्यासमोर बसून होत्या. पीकपाणी विचारलं, गाडीत जागा मिळाली का विचारलं, आग्रह करकरून वाढायला लावलं. सगळं मायेनंच. मी ओवाळलं, चहा दिला, आणि त्याची वेळ झाली. आईचं खरं कसं आहे, एवढंच मला विचारायचं होतं. चारचौघांत विचारलं असतं तर रडू आलं असतं. विचारलं नाही.

कार्तिकी पौर्णिमेला पोथी समाप्त झाली आणि दुपारी रिकाम्या पडल्या. मी काही बोलले नव्हते, पण यजमानांना कळलं असावं. एके दिवशी वाचनालयातून पुण्याचं एक मासिक घेऊन आले. म्हणाले, यात एकाच अंकाचं नाटक आहे, अर्ध्या तासात संपतं, आजकाल नवे लेखक असं लिहून राह्यलेत. पोथीसारखं बायकांना वाचून दाखव. सासूबाईंनी मासिक हातात घेऊन वजन केल्यासारखं हलवलं. म्हणाल्या, दोन दिवस बघू. बायकांना रुचलं नाही, किंवा याच्यापायी वाती थांबल्या, तर पुस्तक परत जाईल आणि दुपारी आपण धान्य निवडायला घेऊ.

म्हणजे माझा तास त्या एका मासिकावर टांगलेला होता. आणि पहिल्या दिवशी मी ते असं गाऊन वाचलं.

वकीलीणबाई पदर तोंडाला लावून बसल्या. पाटलीणबाईंनी निम्म्यावर जांभई देऊन विचारलं, “पोरी, देव कधी यायचा यात?”

मी म्हटलं, देव नाहीये.

“मंग राक्षस?”

तोही नव्हता. पाटलीणबाई विचारात पडल्या. देव नाही, राक्षस नाही, तर मग ही माणसं कुणासाठी एवढं बोलून राह्यलीत, असं त्यांचं म्हणणं. सासूबाईंच्या वाती मात्र त्या दिवशी भराभर झाल्या.

उठताना वकीलीणबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “उद्या पहिल्यापासून वाच. कोण बोललं ते सांगू नको, आवाजानं कळू दे. आणि कंसात लिहिलंय ते वाचायचं नसतं बाई, करायचं असतं.” लग्नाआधी त्यांनी औरंगाबादेत दोन नाटकं बायकांसाठी सोडलेल्या चिकाच्या पडद्याआडून बघितली होती. त्यांच्याइतकं नाटकातलं आमच्या बोळात कुणाला कळत नव्हतं.

संध्याकाळी चुलीपुढं भाकरी थापता थापता मी ते परत, मनात, साध्या आवाजात म्हणून पाहिलं, आणि तेव्हा कुठं मला ते नाटक कळलं. एक खोली, एक दार. बहिणीकडं भाऊ आलाय, अर्ध्या तासानं त्याची गाडी आहे. तिला त्याला काही सांगायचंय. पण तोंड उघडलं की कुणीतरी आत येतं. सासरा चष्मा शोधत येतो, शेजारीण विरजण मागायला येते, नणंद वेणी घालून घ्यायला येते. कुणी वाईट नाही. शेवटी बाहेरून टांगेवाला हाक मारतो आणि भाऊ जातो. ती त्याची कपबशी उचलते, ती अजून कोमट असते. संपलं. तिला काय सांगायचं होतं ते लेखकानं कुठंच लिहिलं नव्हतं.

भाऊबीज होऊन महिना झाला नव्हता. सासूबाईंना वाटणार, हिनं मुद्दाम शोधून आणलं, आता छापलेलं गाऱ्हाणं वाचून दाखवतेय. न वाचावं, तर दुपार गेली. वाचावं, तर कदाचित घरातली जागाच गेली. भाकरी करपली, आणि पहिल्यांदाच मला भाकरीची धास्ती वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी वाचलं. हात जोडले नाहीत, मासिक हातात धरलं. भावाला माझ्या भावाचा आवाज दिला, दुसरा पुरुषाचा आवाज माझ्याजवळ नव्हताच. जोडाक्षरं अडली, पण या खेपेला कुणी पुढचं म्हणून टाकलं नाही. पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. पोथीत पुढं काय होणार हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी ऐकतात. इथं तिघी माझ्या अडखळण्यावर टांगून राहिल्या होत्या. शेजारीण विरजण मागायला आली तेव्हा पाटलीणबाई पुटपुटल्या, “हिलाबी आत्ताच यायचं होतं.” मी वर पाहिलं. सासूबाईंच्या मांडीवरची वात उलगडून परत कापूस झाली होती. वाती थांबल्या होत्या.

कपबशीपर्यंत माझा आवाज जेमतेम पोचला. मासिक मिटलं. पाटलीणबाई हात जोडून तशाच बसून राहिल्या. कशाची वाट बघतात ते मला कळेना.

“फळ काय याचं?” त्या म्हणाल्या.

पोथीच्या शेवटी फलश्रुती असते. हे ऐकल्यानं पुत्र होईल, गुरंढोरं वाढतील, रोग जाईल, असं सांगितलेलं असतं. ते ऐकल्याशिवाय उठायचं नसतं. मी घाबरून पान उलटलं. पुढं केसांच्या तेलाची जाहिरात होती.

मी म्हटलं, लिहिलेलं नाही.

“असं कसं. ऐकलंय तर फळ पाह्यजे. बिनफळाचं सोडून उठू न्हाई माणसानं.”

मी सासूबाईंकडं बघायचं टाळत होते. त्यांनी मांडीवरचा कापूस उचलला, नीट केला, वळायला घेतला, आणि वातीकडंच बघत म्हणाल्या, “याचं फळ असं, की कुणाचा भाऊ आला, तर घरच्यांनी जरा वेळ उठून बाहेर जावं.”

वात वळून झाल्यावर त्याच म्हणाल्या, उद्या दुसरं असेल तर वाच.

त्यानंतर वर्षभर आम्ही मिळेल ते वाचलं. शहरात जाहीर खेळ करायचा तर कचेरीत अर्ज, वर नाटकाचा मजकूर उर्दूत करून द्या, असा खटाटोप असे, असं यजमान सांगायचे. आमच्या रंगभूमीला परवाना लागत नव्हता. कधी पुण्याच्या, कधी मुंबईच्या कुठल्या कुठल्या नव्या लेखकांनी लिहिलेलं, कापसाच्या ढिगात बसून आम्ही सगळं ऐकलं. पेन्शनीत निघाल्यावरही रोज डबा घेऊन घराबाहेर पडणारा एक कारकून होता. त्याच्यावर पाटलीणबाई दोन दिवस चिडून होत्या, त्याला शेतावर धाडा म्हणाल्या. एका खोलीच्या दोन भाडेकरूंची गंमत होती, ती पाच वेळा वाचावी लागली. काही नाटकं नुसतीच हुशार होती, त्यांत माणसं एकमेकांशी न बोलता आपल्याशीच बोलायची; तसलं लागलं की वाती आपोआप भराभर व्हायच्या. परीक्षा तीच. आणि शेवटी फळ सांगायचं, पाळीपाळीनं. भाडेकरूंच्या नाटकाचं फळ वकीलीणबाईंनी सांगितलं: हे ऐकणाऱ्याला दोन खोल्यांचं घर मिळेल. माझी पाळी आली की मला सुचत नसे, तर पाटलीणबाई म्हणायच्या, “तिला सूट. तिचं फळ वाचण्यातच आलंय.” हे बराबर होतं. तिसरी पास मुलीला एवढ्या शिकलेल्या लोकांनी आपलं लिहिलेलं तोंडात दिलं होतं.

पुढच्या भाऊबीजेला भाऊ आला. सासूबाईंनी पाऊस विचारला, गाडीतली जागा विचारली, ताटाशी बसून जेवू घातलं. मग कापसाची टोपली काखोटीला मारली, वकीलीणबाईंकडं जरा काम आहे म्हणाल्या, आणि जाताना दार ओढून घेतलं.

भाऊ गोंधळला. आपलं काही चुकलं का म्हणाला. मी म्हटलं, नाही, तू बस. मग मी आईचं विचारलं आणि त्यानं खरं ते सांगितलं. आई अंथरुणातून उठत नव्हती. मला हवं तेवढं रडता आलं. मध्येच बाहेर कुणाचीतरी चाहूल लागली, आणि आमच्या ओट्यावरून पाटलीणबाईंचा आवाज आला, “आत्ता न्हाई. पाव्हणे हायेत. गाडी गेल्यावर ये.” भाऊ म्हणाला, ही कोण पहारेकरीण. मी डोळे पुसत त्याला सगळं सांगितलं, चष्मा शोधणाऱ्या सासऱ्यापासून. मार्गशीर्षात आईला भेटायला न्यायचंही तेवढ्यात ठरलं, आणि ते पुढं घडलंही.

तो गेल्यावर सासूबाई आत आल्या. माझ्या डोळ्यांकडं पाहिलं, टोपली खाली ठेवली.

“झालं का बोलून सगळं?”

मी मान हलवली.

“मंग वाचायला बस. पाटलीणबाई कव्हाच्या ओट्यावर ताटकळून राह्यल्यात.”