श्रीधरकाकांना बोटीत घ्यायचं की नाही

"सॉरी मेधा, त्यांना आम्ही बोटीत घेऊ शकत नाही," मार्टिन म्हणाला.

मार्टिन झांबियातल्या एका सफारी कॅम्पचा मॅनेजर. व्हिडिओ कॉल चालू होता. मी अमेरिकेत, सनीव्हेलच्या माझ्या छोट्याशा ऑफिसात होते. ज्यांच्याबद्दल तो बोलत होता ते श्रीधरकाका टेबलाच्या पलीकडे, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे बसले होते. मी मार्टिनला तसं सांगणार, तेवढ्यात काकांनी हात वर करून मला थांबवलं आणि हळूच म्हणाले, "का, ते विचार."

मी विचारलं.

"कारण त्यांना दिसत नाही," मार्टिन म्हणाला.

"ते मला माहीत आहे. पण न दिसल्यामुळे बोटीत नेमकं काय होईल?"

मार्टिनने थोडा विचार केला. "प्राणी जवळ असताना आमचा गाईड बोलत नाही. हाताने खूण करतो. थांबा, खाली बसा, हलू नका. ज्याला खूण दिसत नाही त्याला मी पाण्यावर कसा नेऊ?"

"ते वेव्हर सही करून देतील."

वेव्हर म्हणजे ‘काही झालं तर जबाबदारी माझी’ असं लिहून देणं. अमेरिकेत मुलांना ट्रॅम्पोलिनवर उड्या मारायला न्यायचं तरी वेव्हर लागतो.

"वेव्हरचा उपयोग मला कोर्टात होईल," मार्टिन म्हणाला. "पाण्यात होणार नाही."

थोडे दिवस दे म्हटलं आणि कॉल बंद केला.

मी फक्त आफ्रिकेतल्या सफारी प्लॅन करते. त्याआधी बरीच वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते. तिथे एक सवय लागली. कोणी ‘चालत नाही’ म्हणालं, तर काय चालत नाही, कुठे अडतं, हे विचारायचं. काका चिप डिझाइनमधून रिटायर झालेले. त्यांना तीच सवय. पन्नाशीत त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार सुरू झाला आणि हळूहळू सगळं गेलं. आता फक्त उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं.

सफारीची जागा त्यांनी स्वतः निवडली होती. झांबियात लुआंग्वा नावाची नदी आहे. पावसाळ्यात ती फुगते आणि काठची मैलोन्‌मैल सपाट जमीन पाण्याखाली जाते. बहुतेक टूरिस्ट तिथे कोरड्या दिवसांत जातात. तेव्हा जीप सगळीकडे फिरते आणि प्राणी उरल्यासुरल्या पाण्याजवळ गोळा होतात. मीही काकांना तेच सुचवलं होतं.

"जीपमध्ये मला इंजिन ऐकू येणार आणि धूळ खायला मिळणार," ते म्हणाले होते. "पुरात बोट इंजिन बंद करून नुसती वाहत सोडतात, असं तूच सांगितलंस. मला ते पाहिजे."

पण पुरात जीपचे रस्तेही बुडतात. बोट नाही तर तंबूत बसून राहायचं. म्हणजे मार्टिनचा नकार अख्ख्या ट्रिपला होता.

कॉल संपल्यावर काका नाराज दिसले नाहीत. उलट जरा खुशीतच होते. "प्रॉब्लेम डोळ्यांचा नाही मेधा, सिग्नलचा आहे," ते म्हणाले. "सिग्नल हवेतून येतोय. तो अंगावर आणायचा."

आम्ही तिथेच ठरवलं. खांद्यावर एक थाप म्हणजे थांबा, हलू नका. दोन थापा म्हणजे खाली बसा. दंड दाबला तर घट्ट धरून बसा. गाईड बोटीत मागे, इंजिनजवळ असतो. काका त्याच्या अगदी पुढ्यात बसले तर त्याचा हात सहज पोचेल.

त्या शनिवारी जवळच्या एका तळ्यावर बोट भाड्याने घेतली. काका, नीलाकाकू आणि मी. मी मागे बसून न सांगता मध्येच थापा द्यायचे आणि काका लगेच तसं करायचे. बोटीत चढणं-उतरणंही पुन्हा पुन्हा केलं. फोन पुढे लावून सगळ्याचा व्हिडिओ घेतला.

अडचण वेगळीच निघाली. काकू सतत बोलत होत्या. डावीकडे बदकं आहेत, चार, नाही पाच. एक माणूस पॅडल करतोय. पलीकडे ढग आलेत.

"नीला, जरा थांब," काका म्हणाले.

"मी नाही सांगितलं तर तुम्हाला कळणार कसं?"

"मी विचारीन ना."

काकू गप्प झाल्या, पण दुखावल्या. तळ्यावरून पार्किंग लॉटपर्यंत त्या माझ्याशीच बोलत आल्या.

व्हिडिओ पाहून मार्टिनचं उत्तर आलं. प्रॅक्टिस चांगली आहे. डॅनियल नावाच्या अनुभवी गाईडला दाखवली. तो त्यांना घेऊन जायला तयार आहे, पण शेवटचा शब्द त्याचा, त्या दिवशी, नदीवर. तो नाही म्हणाला तर नाही.

हे मी काकांना जसंच्या तसं सांगितलं. एवढा प्रवास करून काठावर बसावं लागेल, ही शक्यता खरी होती. क्लायंटपासून असं लपवायचं नसतं.

"फेअर आहे," काका म्हणाले. "बुकिंग कन्फर्म कर."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा, ऋताचा, ॲन आर्बरहून फोन आला. ती तिथे युनिव्हर्सिटीत रिसर्च करते.

"मेधाताई, बी ऑनेस्ट. व्हॉट इज ही गोइंग टू सी?"

"काही नाही," मी म्हटलं. "ते त्यांना पक्कं माहीत आहे. ते पाहायला चाललेले नाहीत."

मग ती म्हणाली, "आणि आई? शी विल बी वर्किंग द होल टाइम."

हा प्रश्न बरोबर होता. मी काकूंचा विचार काकांना सांभाळणारी म्हणूनच केला होता. त्याही माझ्या क्लायंट होत्या. त्याच दिवशी मी ठरवलं की या ट्रिपला मी सोबत जाणार. एरवी जात नाही.

कॅम्पवर पोचलो तेव्हा नदी गढूळ आणि रुंद झाली होती. डॅनियल शांत, कमी बोलणारा माणूस. त्याने काकांना रिकाम्या बोटीत चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं. गप्पा मारता मारता अचानक दोन थापा दिल्या. काका वाक्य अर्धवट सोडून खाली बसले. डॅनियलने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो म्हणाला, "आज नाही. पाणी चढलंय. मोठे ओंडके वाहून येताहेत. बोट एकदम वळवावी लागेल, तेव्हा खुणेला वेळ मिळणार नाही. बाकीच्यांना मोठ्या बोटीतून नेतो."

"मग मीही थांबते," काकू म्हणाल्या.

"तू जा," काका म्हणाले.

"तुम्हाला इथे एकटं टाकून?"

"मेधा आहे. तू जा, नीला."

त्या गेल्या. बोटीचा आवाज लांब गेल्यावर काका खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं, हिरमुसले असतील. मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले.

"मला वाईट वाटतंय, नाही असं नाही," ते म्हणाले. "पण आज ती फक्त स्वतःसाठी बघेल. गेली कितीतरी वर्षं ती दोघांसाठी बघतेय. प्रत्येक गोष्ट बघायची आणि लगेच तिचे शब्द करायचे. दमत असेल ना."

"हे त्यांना सांगितलंत कधी?"

"सांगितलं की तिला वाटतं, मला तिचा कंटाळा आलाय."

काकू परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. आल्या आल्या काही बोलल्या नाहीत, चहा घेऊन बसल्या. संध्याकाळी जेवताना काकांनी विचारलं, "काय काय बघितलंस?" तेव्हा त्यांनी सुरुवात केली. त्यात क्रम नव्हता, आठवेल तसं, रंगून सांगत होत्या. मध्येच हसत होत्या. काका जेवायचे थांबून ऐकत होते. तळ्यावरच्या बदकांपेक्षा हे फार वेगळं होतं.

त्यानंतरच्या सकाळी पाणी ओसरलं. डॅनियलने लहान बोट काढली. आम्ही तिघं आणि तो. मुख्य नदी सोडून तो आम्हाला बुडालेल्या झाडांमध्ये घेऊन गेला आणि इंजिन बंद केलं.

मी तिथे आधी गेले होते, पण इतका वेळ गप्प कधी बसले नव्हते. झाडांवर पिवळ्या चोचीच्या करकोच्यांची घरटी होती, शेकड्याने. पिल्लांचा कलकलाट, चोचींची खटखट आणि माशांचा, विष्ठेचा उग्र वास. माझ्या इतर क्लायंटनी नाकाला रुमाल लावला असता. काका तोंड वर करून बसले होते. काकू काही सांगत नव्हत्या. लांब एक पाणघोडा फुसकारला तेव्हा काकांनी फक्त त्या दिशेला बोट केलं आणि काकूंनी "हो" म्हटलं.

पुढच्या वळणावर हत्ती होते. एक कळप पाण्यात उतरून आमच्या समोरूनच पलीकडे चालला होता. पिल्लं मध्ये, सोंडा वर. अंतर मला आवडावं त्यापेक्षा कमी होतं. डॅनियलने एका हाताने काकांच्या खांद्यावर एक थाप दिली आणि दुसरा हात आम्हा दोघींसाठी वर केला. हलू नका.

काका स्तब्ध झाले. मी पण. काकू मात्र कॅमेऱ्याला डोळा लावून होत्या. त्यांना खूण दिसलीच नाही. फोटो नीट यावा म्हणून त्या उठायला लागल्या.

बोट कलली. सगळ्यात पुढची हत्तीण थांबली आणि आमच्याकडे वळली. कान पसरलेले. डॅनियल काकांच्या मागे होता आणि काकू काकांच्या पुढे, त्यामुळे त्याचा हात काकूंपर्यंत पोचत नव्हता. काकांना बोट कललेली कळली होती. त्यांनी चाचपून काकूंचं जॅकेट धरलं आणि पाठीवर दोन थापा दिल्या. काकू खाली बसल्या. कॅमेरा मांडीवर आला.

हत्तीण तशीच उभी होती. तिच्या पोटातून खोल गुरगुर येत होती. ती कानांपेक्षा छातीतच जास्त जाणवत होती. मग हत्तीण वळली आणि कळपामागे निघून गेली.

डॅनियलने इंजिन सुरू केल्यावर काकूंनी काकांचा हात घट्ट धरला.

"हत्ती होते ना?" काकांनी विचारलं.

"हो. संध्याकाळी सांगते," काकू म्हणाल्या.

आम्ही परतल्यावर काही दिवसांनी मार्टिनचा फोन आला. त्यांच्या कॅम्पमध्ये आता सगळ्याच पाहुण्यांना बोटीत बसण्याआधी थापांच्या खुणा शिकवतात. हातात कॅमेरा असलेला माणूस गाईडकडे बघत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्याआधीही हे घडत असणार, पण त्यासाठी त्यांनी कोणाला नकार दिला नव्हता.

माझ्या कामात मला कॅम्पचा नकार बऱ्याचदा ऐकावा लागतो. आता मी नकारावर वाद घालत नाही, त्याचं कारण मागते आणि त्या कारणावर काम करता येतं का बघते. नेहमी जमतंच असं नाही. परवाच हृदयाचा त्रास असलेल्या एका गृहस्थांना एका कॅम्पने नाही म्हटलं. मी कारण विचारलं. सगळ्यात जवळचं हॉस्पिटल विमानाशिवाय गाठता येत नव्हतं आणि पुरात ते विमान उतरतच नाही. कारण बरोबर होतं. मी त्या गृहस्थांना फोन करून तसं सांगितलं आणि दुसरी जागा शोधायला बसले.