बोट ठेवून वाचा

माझी ताई अपमान विसरत नाही. आम्ही बाकीचे सकाळी भांडतो आणि संध्याकाळी एका ताटात जेवतो. हिचं तसं नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी ती सकाळी बेकरीत राबायची आणि दुपारी छोटं विमान चालवायला शिकायची. घाईत तिचा क्रम चुकायचा. म्हणून उड्डाणाआधी काय काय तपासायचं, त्याची यादी तिने ठळक अक्षरांत लिहून पुठ्ठ्यावर चिकटवली होती. एकेका ओळीवर बोट ठेवून ती मोठ्याने वाचायची. तिला शिकवणाऱ्या कॅप्टनला ते खपायचं नाही. एके दिवशी चार पोरांसमोर त्याने तो पुठ्ठा हिसकावून टरकन फाडला.

"बालवाडीत जा," म्हणाला. "तिथे बोट ठेवून वाचतात."

पोरं फिदीफिदी हसली. त्या दिवशी ताई जेवली नाही, चिकटपट्टीने पुठ्ठा जोडत बसली. मी म्हटलं, कशाला मेल्याच्या नादी लागतेस? ती म्हणाली, नादी लागत नाही, पण सोडणारही नाही.

आणि नाहीच सोडलं. दुसऱ्या क्लबात जाऊन परवाना काढला, पुढे शिकवायला लागली, शेवटी परीक्षक झाली. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी त्या यादीची एक प्रत द्यायची.

शिकवणाऱ्यांनाही दर काही वर्षांनी चाचणी द्यावी लागते; गेल्या महिन्यात कॅप्टनची ती चाचणी ताईकडे आली. नापास झाला तर त्याचं शिकवणं बंद, आणि त्याला दुसरं काही येत नाही. ताईला ती दुसऱ्या कुणाकडे देता आली असती. दिली नाही. मी मुद्दाम रजा टाकून गेले. असा दिवस चुकवायला मी काय वेडी आहे?

कॅप्टनने यादीला हातही लावला नाही. विमानाभोवती ऐटीत चक्कर मारली आणि आत बसला; ताई त्याच्या शेजारी बसली. रात्रभर अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी साचू शकतं, म्हणून तळातलं थोडं इंधन ग्लासात काढून बघायचं असतं. ते तो विसरला. ताईने पाहिलं आणि चकार शब्द काढला नाही. त्याने इंजिन सुरू करून विमान धावपट्टीच्या तोंडाशी आणलं, तेव्हा ती म्हणाली, "बंद करा."

खाली उतरून तिने ग्लास भरला. तळाशी बोटभर पाणी होतं. कॅप्टनचा चेहरा पांढराफटक पडला. खरं सांगते, मला गार गार वाटलं.

"नापास," ताई म्हणाली. मग पिशवीतून तो जोडलेला पुठ्ठा काढून त्याच्या हातात ठेवला. "पंधरा दिवसांनी पुन्हा चाचणीला या. बोट ठेवून वाचायचं, मोठ्याने."

तो आला. ताईने तिच्या सगळ्या विद्यार्थ्यांना विमानाजवळ उभं केलं होतं. कॅप्टनने बोट ठेवून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, एकही चूक केली नाही. मागची पोरंसुद्धा ओळीओळीला माना डोलवत होती.

"पुन्हा वाचा," ताई म्हणाली. "मागच्यांना ऐकू आलं नाही."