अठ्ठावीस

शाळेत त्यांना सगळे ‘मोलसर’ म्हणत. रसायनशास्त्र शिकवायचे, आणि मोलचा धडा आला की त्यांना चेव यायचा. “ग्रॅमला मोलर मासने भागा, मोल मिळाले. मोलला मोलर मासने गुणा, ग्रॅम मिळाले. एवढ्यासाठी रडता?” असं म्हणत फळा भरून टाकायचे. घरीही तेच. बायकोनं साखर आणायला सांगितली की विचारायचे, “किती मोल?” ती म्हणायची, “एक किलो. मोल तुमच्या शाळेत.”

त्या वर्षी थंडी कडक पडली. न्हाणीघरात गॅसचा गीझर होता आणि वर झडपांची छोटी खिडकी. तिथून वारा यायचा. “अहो, अंगावर पाणी घेतलं की नुसती हुडहुडी भरते,” बायको म्हणाली. सरांनी जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापला, खिडकीवर बसवला आणि कडेनं चिकटपट्टी लावली. काम इतकं नीट झालं, की तिनं कौतुक केलं.

रविवारी ती केस धुवायला गेली. सर बाहेरच्या खोलीत पेपर तपासत बसले होते. पाण्याचा आवाज थांबेना. त्यांनी हाक मारली, दार वाजवलं, मग शेजाऱ्याला बोलावून दार तोडलं. ती भिंतीला टेकून बसली होती. चेहरा गुलाबी दिसत होता, म्हणून शेजारी म्हणाला, “जिवंत आहेत वहिनी.” पण ती गेली होती.

सरांच्या सासूबाई आल्या त्या काही दिवस राहिल्याच. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, “तुम्हाला वाससुद्धा आला नाही?”

“त्या वायूला वास नसतो, आई.”

“मग कळायचं कसं माणसाला?”

“कळत नाही.”

“तुम्ही तर हेच शिकवता ना?”

सर भात कालवत राहिले. पुठ्ठ्याचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

ते पुन्हा शाळेत जाऊ लागले तेव्हा मोलचाच धडा चालू होता. पुस्तकातलं उदाहरण एका मुलीनं मोठ्यानं वाचलं: “छप्पन्न ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड म्हणजे किती मोल?” आणि लगेच उत्तरही दिलं, “कार्बन बारा, ऑक्सिजन सोळा, अठ्ठावीस. म्हणजे दोन मोल, सर.”

“बरोबर,” सर म्हणाले. मग खडू घेऊन पुढे मांडू लागले. छोटं न्हाणीघर, आत साडेसात हजार लिटर हवा. एका मोलला साधारण साडेचोवीस लिटर, म्हणजे तीनशे सहा मोल. त्यात शंभरात अर्धा भाग हा वायू झाला, तरी माणूस वाचणं कठीण. दीड मोल. गुणिले अठ्ठावीस.

“बेचाळीस ग्रॅम,” सर म्हणाले. “एका लिंबाएवढं वजन. हवेतला नायट्रोजनही अठ्ठावीसचाच. त्यामुळे हा खाली बसत नाही, वर जात नाही, हवेत मिसळून जातो. गॅसच्या गीझरला हवा कमी पडली की हाच वायू तयार होतो. माझ्या घरी हेच झालं. खिडकी मी बंद केली होती.”

कुणी वहीत काही उतरवून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. एका पालकाची तक्रार होती, मुलगी रात्रभर झोपली नाही म्हणून. “तुमचं दुःख समजतं,” ते म्हणाले, “पण वर्गात पुस्तकापुरतंच बोला.” सर बरं म्हणाले.

वर्गासमोर बोलून झालं होतं, आता घरी लपवण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळी त्यांनी सासूबाईंना पुठ्ठ्याचं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबले.

“ठाऊक आहे मला,” त्या म्हणाल्या. “तिनं फोनवर सांगितलं होतं. ह्यांनी खिडकी छान बंद करून दिली, आता वारा येत नाही, म्हणाली. मी म्हटलं, बरं झालं बाई.” मग पदरानं तोंड झाकून म्हणाल्या, “मीपण बरं झालं म्हटलं हो.”

अंधार पडला. दिवा लावायचंही कुणाला सुचलं नाही.

थंडी सरल्यावर सासूबाई मुलाकडे गेल्या. सरांनी पुढच्या वर्षी रसायन सोडलं आणि खालच्या वर्गांचं गणित मागून घेतलं. नव्या मुलांना त्यांचं टोपणनाव माहीत नाही. अधूनमधून सासूबाईंचा फोन येतो.

“जेवलात का?”

“जेवलो. तुम्ही?”

“हो.”

यापुढे बोलणं जात नाही. तरी फोन लगेच ठेवावासा दोघांनाही वाटत नाही.