राहुकाळ टाळून आलेल्या विहीणबाई

माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी माझ्या नवऱ्याच्या प्रेतासमोर झाली.

घाबरू नका, नवरा धडधाकट आहे. (आत्ता आत घोरतोय.) सगळा दोष माझ्या भाच्याचा, निखिलचा. तो मासिकांसाठी फोटो काढतो. आजच्या नटनट्यांना घेऊन जुन्या रहस्यपटांतले प्रसंग हुबेहूब उभे करायचे, असं त्याच्या डोक्यात आलं आणि तो थेट आमच्या मुलुंडच्या घरी धडकला.

"मावशी, तुझा हॉल झकास आहे गं! काहीच बदलावं लागणार नाही. सगळं त्या काळातलंच आहे!"

मी हे कौतुक समजले आणि हो म्हटलं!

रविवार ठरला. त्याच दिवशी पाच वाजता चेंबूरहून तन्वीच्या सासरची मंडळी येणार होती, लग्नाचं पक्कं करायला. मुलांचं जमलं होतं, पण होणाऱ्या विहीणबाई महाचिकित्सक. "घरचं वळण बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही," असं त्यांनी आधीच कळवलेलं. तन्वीने मला बजावलं होतं, "आई, आज काही घोळ घालू नकोस ना, प्लीज!" आणि ती पार्लरमध्ये गेली.

फोटोवाले दोनपर्यंत आवरणार होते. हिरॉइनच तीनला आली. आणि प्रेत तर आलंच नाही! (म्हणजे प्रेताचं काम करणारा नट.)

"मी आहे की!" हे पुढे सरसावले. या माणसाला एरवी दूध आणायला उठवावं लागतं. पण नुसतं पडून राहायचं म्हटल्यावर काय तो उत्साह!

"काका, मी सांगेपर्यंत हलायचं नाही हां," निखिल म्हणाला. हे गालिच्यावर पालथे पडले. तेवढ्यात खोट्या रक्ताची बाटली कुणाच्या तरी पायाने लवंडली. वाट लागली! पण मी मालवणची लेक. फ्रीजमधून कोकमाचं आगळ काढलं आणि यांच्या पांढऱ्या शर्टावर सढळ हाताने ओतलं. फोटो काळापांढराच तर होता. त्यात आगळ काय नि रक्त काय!

हिरॉइन आत मेकअप करत होती, म्हणून लाइट बघायला निखिलने मलाच चाकू देऊन उभं केलं.

"मावशी, डोळे वटार. अजून! काकांवरचा सगळा राग आण!"

तो आणायला मला वेळ लागला नाही.

इकडे विहीणबाईंनी पंचांग बघितलं होतं. रविवारी साडेचारला राहुकाळ लागतो, म्हणून अशुभ टाळायला त्या यजमानांसह चारलाच आमच्या उघड्या दारात हजर! समोर लालभडक नवरा पालथा, आणि त्याच्यावर चाकू उगारून मी.

तन्वीचं लग्न मोडलं, एवढंच डोक्यात आलं. आणि धक्क्याच्या भरात तोंडातून सवयीचंच निघालं, "या या! काय घेणार? चहा की कोकम सरबत?"

विहीणबाईंनी माझ्या लाल हातांकडे पाहिलं.

व्याही फार सभ्य. ते म्हणाले, "तुमचं चालू द्या. आम्ही... नंतर येऊ का?"

"अहो, उठा!" मी यांच्यावर ओरडले. पण निखिलने सांगितलं नव्हतं ना! हे जागचे हलले नाहीत. फक्त गालिच्यातून आवाज आला, "गो, साखर बेताची घाल हां. व्याह्यांना डायबेटीस आहे."

प्रेत बोललं! विहीणबाई मागे सरकल्या, तोच आतल्या अंधाऱ्या पॅसेजमधून पांढरी साडी, मोकळे केस आणि हातात मेणबत्ती घेतलेली हिरॉइन बाहेर आली.

"अगं बाईऽऽऽ!"

ही किंकाळी चौथ्या मजल्यापर्यंत गेली. विहीणबाई मटकन सोफ्यावर बसल्या. मी चाकू टाकला आणि रडत रडत सगळं सांगितलं. नवरा जिवंत आहे हे पटवायला त्याला दोनदा उठाबशा काढायला लावल्या. विहीणबाईंनी पाणी पिऊन माझ्याकडे एकटक पाहिलं आणि पुटपुटल्या, "आम्हाला... मुलगी पसंत आहे."

लग्न थाटात झालं. हॉल मी निवडला, तारीख मी, मेनूही मीच. विहीणबाईंनी एका शब्दानेही मोडता घातला नाही. माझ्या गोड स्वभावाने मी त्यांना कसं जिंकलं, हे मी सोसायटीभर सांगत होते. परवा तन्वी माहेरी आली तेव्हा तिलाही सांगायला गेले.

"आई," ती म्हणाली, "सासूबाई मला काही बोलायला लागल्या की मामंजी त्यांना हळूच आठवण करून देतात, 'जरा जपून. तिची आई जिवंत आहे.'"